एस्टोनिया: मंदी सरली म्हणतात, पण गाडं पुढे ओढणार कोण?

टॅलिनकर

नमस्कार मंडळी,

एस्टोनियाचं नाव आपल्याकडे निघतं ते ऑनलाइन मतदान, ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला मिळणारी डिजिटल ओळख) आणि स्काइप यांच्यामुळे. पण जेमतेम पावणेचौदा लाख लोकसंख्येच्या या देशाने गेल्या काही वर्षांत जी लांबलचक मंदी काढली, तिच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. मी इथल्या राजधानीत, टॅलिनमध्ये नोकरी करतो आणि पगार, कर, घराचा हप्ता असं सगळं इथेच आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचनाचा नाही. सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

आधी घसरण कशी झाली ते. कोविडनंतर २०२१ मध्ये अर्थव्यवस्था जोरात उसळली. २०२२ मध्ये ती जागच्या जागी थांबली, २०२३ मध्ये जवळपास ३ टक्क्यांनी आकसली आणि २०२४ मध्येही डोकं वर निघालं नाही. २०२५ मध्ये वाढ दिसली, पण एका टक्क्याच्या आत. म्हणजे तीन वर्षं देश जवळजवळ एका जागी उभा होता आणि त्याच काळात किमती मात्र धावत होत्या. महागाईचे वार्षिक आकडे असे: २०२१ मध्ये ४.६, २०२२ मध्ये १९.४, २०२३ मध्ये ९.२ आणि २०२४ मध्ये ३.५ टक्के. हे एकावर एक चढवत गेलं तर २०२० मध्ये १०० युरोला येणारी वस्तू २०२४ मध्ये १४१ युरोला पडते. ऑगस्ट २०२२ मध्ये महागाई २५ टक्क्यांच्या आसपास गेली होती. युरो वापरणाऱ्या देशांत तेव्हा सर्वांत जास्त महागाई इथे होती.

याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं कारण वीज. इथे बऱ्याच घरांचे वीजकरार बाजारभावाशी जोडलेले असतात, म्हणजे दर तासाचा दर वेगळा. १७ ऑगस्ट २०२२ ला संध्याकाळी एका तासासाठी बाल्टिक देशांत (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया) घाऊक दर मेगावॉटतासाला ४००० युरोवर गेला. युनिटमागे ४ युरो, आणि वर वहनखर्च आणि कर. त्या काळात सगळे जण फोनवर उद्याचे दर पाहून कपडे धुण्याचं यंत्र लावायचे. माझ्या शेजारच्या आजी अजूनही रात्री दोनला लावतात. (ऑक्टोबर २०२५ पासून घाऊक दर पंधरा-पंधरा मिनिटांचा झाला आहे.)

दुसरं कारण इथल्याच सरकारच्या निर्णयातलं, आणि बाहेर त्याची चर्चा फार कमी होते. २०२१ मध्ये सक्तीच्या निवृत्तिवेतन खात्यातले पैसे काढून घ्यायची मुभा दिली गेली. त्या सप्टेंबरमध्ये लोकांनी १.३ अब्ज युरो काढले. एवढ्याशा अर्थव्यवस्थेत एकदम एवढा पैसा. गाड्या, फर्निचर, घरदुरुस्ती यांना उधाण आलं आणि महागाईच्या आगीत तेल पडलं.

तिसरं रशिया. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूसचं लाकूड, लोखंड, इंधन बंद झालं. बंद व्हायलाच हवं होतं, आणि इथे त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ज्या कारखान्यांचा कच्चा माल तिकडून यायचा त्यांचं गणित एका रात्रीत बदललं. एस्टोनिया हा युरोपीय संघातला तयार लाकडी घरांचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे. लाकूड महागलं आणि नेमकी त्याच वेळी स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, फिनलंड इथली घरबांधणी बसली.

चौथं व्याजदर. त्यावर खाली कुणी विचारलं तर आकडेमोडीसकट लिहीन.

आता सरकार आणि बँका दोघंही सांगतायत की २०२६ मध्ये वाढ दोन टक्क्यांच्या पुढे जाईल. मला ते खरं होताना दिसतंय. माझी काळजी वेगळी आहे. ही वाढ कशाच्या जोरावर येणार? करसवलत आणि संरक्षण खर्च यांच्या जोरावर आली तर ती एक-दोन वर्षांची. हा देश उत्पादक होण्यापेक्षा लवकर महाग झाला, खरी अडचण ती आहे, आणि तिच्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

खातेवही

उत्तम धागा. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि २००८-०९ मध्ये बाल्टिक देशांवर बारीक लक्ष ठेवून होतो. तेव्हाची तुलना केल्याशिवाय आत्ताचं चित्र कळणार नाही, म्हणून थोडं मागे जातो.

२००४ मध्ये एस्टोनिया युरोपीय संघात गेल्यावर स्वीडिश बँकांनी तिथे स्वस्त कर्जांचा पाऊस पाडला. घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. २००८ ला फुगा फुटला आणि २००९ या एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून जास्त आकसली. २०१० च्या सुरुवातीला बेरोजगारी जवळपास २० टक्के होती. शेजारच्या लाटव्हियाला नाणेनिधीच्या दारात जावं लागलं, एस्टोनियाला नाही, कारण चांगल्या दिवसांत त्यांनी गंगाजळी जमवली होती.

चलनाचं अवमूल्यन हा अशा वेळी नेहमीचा उपाय. त्यांनी तो नाकारला. १९९२ पासून क्रोन जर्मन मार्कला आणि मग युरोला बांधलेला होता, ती गाठ त्यांनी सोडली नाही. त्याऐवजी सरकारी पगार कापले, खर्च छाटला, मूल्यवर्धित कर (व्हॅट) १८ वरून २० टक्के केला, आणि १ जानेवारी २०११ ला युरो घेतला. जगात तेव्हा यावर मोठा वाद झाला होता. लोकांनी सोसलं हे मात्र वादातीत.

या वेळचा आजार वेगळा आहे. बँका धडधाकट आहेत, घरांच्या किमती कोसळल्या नाहीत, बेरोजगारी साडेसात टक्क्यांच्या आसपास राहिली. तेव्हा पडून हाड मोडलं होतं, ते दोन वर्षांत जुळलं. आत्ता बारीक ताप आहे आणि तो उतरत नाही.

एक विचारतो. सरकारी कर्ज जीडीपीच्या २४ टक्क्यांच्या आसपास, युरो क्षेत्रात सर्वांत कमी. इटली १३० च्या वर आहे. मग ऐन मंदीत कर कशाला वाढवले? कर्ज काढायचं की! ज्याच्या अंगावर कर्ज नाही त्याने दुष्काळात काढलेलं कर्ज म्हणजे काही उधळपट्टी नव्हे.

टॅलिनकर

@खातेवही, काका, हा प्रश्न इथे रोज विचारला जातो.

मंदीतच कर वाढले हे खरं. मूल्यवर्धित कर जानेवारी २०२४ मध्ये २० वरून २२ झाला, जुलै २०२५ मध्ये २४. आयकर २०२५ पासून २० वरून २२. त्याच वर्षी गाड्यांवर नवा कर आला आणि नव्या गाड्यांचा खप धाडकन पडला. सरकारची बाजू एकच होती: रशिया शेजारी आहे, संरक्षणाचा खर्च कायमचा वाढणार, मग कायमच्या खर्चाला कायमचं उत्पन्न हवं, कर्ज नको. काया कॅलस पंतप्रधान होत्या तेव्हाही हेच म्हणणं होतं, आणि जुलै २०२४ पासून क्रिस्टेन मिखाल आहेत, त्यांनीही सुरुवात याच सुरात केली.

यामागे स्वभावही आहे. १९९१ ला सोव्हिएत संघाकडून स्वातंत्र्य परत मिळालं तेव्हा तिजोरी रिकामी होती, आणि देश नव्याने उभा राहिला तो 'उधार घ्यायचं नाही' या निश्चयावर. सरकारने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात मोठे रोखे काढले ते जवळपास दोन दशकांनी. मला या शिस्तीचा आदर आहे. तरीही २०२३-२४ मध्ये एकीकडून युरोपीय मध्यवर्ती बँकेचे व्याजदर, दुसरीकडून करवाढ, असं दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं. ग्राहकांनी पाकीट मिटलं ते त्यामुळे. इथल्या बँकांत घरगुती ठेवी या काळात वाढत राहिल्या. म्हणजे अनेकांकडे पैसा होता, भरवसा नव्हता.

आणि आता सूर बदललाय. आयकर २४ वर न्यायचं ठरलं होतं ते मागे घेतलं, कंपन्यांच्या नफ्यावर लावायचा २ टक्के करही रद्द केला. २०२६ ची तूट युरोपीय संघाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातेय. तुम्ही म्हणताय तेच चाललंय, फक्त दोन वर्षं उशिरा.

मीठभाकर

करांबद्दल चाललंय म्हणून विचारते. अन्नधान्यावर पण २४ टक्के? युरोपात बहुतेक ठिकाणी खाण्याच्या वस्तूंना कमी दर असतो ना?

टॅलिनकर

हो ताई, दूध, ब्रेड, बटाटे, सगळ्यावर पूर्ण २४. अन्नासाठी वेगळा दर नाहीच. सरकार म्हणतं की एकच दर असला की कर सोपा राहतो आणि दर कमी केला तरी दुकानदार फायदा ग्राहकाला देतीलच असं नाही. तत्त्व म्हणून पटतं, पण ज्या घरात मिळकतीतला मोठा वाटा किराण्यावर जातो तिथे याचा चटका वेगळाच बसतो.

मीठभाकर

मग मला हे सपशेल अन्यायाचं वाटतं. २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन किती होतं?

टॅलिनकर

महिना ८८६ युरो. त्याच्या आदल्या वर्षी ८२०. सरासरी पगार साधारण २००० च्या पुढेमागे.

मीठभाकर

८८६ मध्ये भाडं, हिवाळ्यातलं तापवण्याचं बिल आणि २४ टक्के करासह किराणा. आणि १ जानेवारी २०२६ पासूनची ती गाजलेली करसवलत कुणाला मिळाली ते मी शोधून वाचलं. आधी महिना १२०० युरोपर्यंत मिळकत असेल तर ६५४ युरो करमुक्त होते, पुढे ते कमी होत जाऊन २१०० ला शून्य व्हायचे. आता सरसकट सगळ्यांना ७०० करमुक्त. म्हणजे २१०० च्या वर कमावणाऱ्याचे ७०० वरचे २२ टक्के वाचले, महिना १५४ युरो. किमान वेतनवाल्याची करमुक्त रक्कम ४६ ने वाढली, त्यावरचा कर वाचला १० युरो. किराण्यावरची करवाढ मात्र दोघांना सारखीच. मंदीचा भार खालच्यांनी वाहिला आणि उतारा वरच्यांना मिळाला. बाकी काही म्हणा, हा हिशेब मला खटकतो.

टॅलिनकर

हिशेब बिनचूक आहे. त्या १५४ युरोंचा लाभ मलाही होतोय आणि तरीही मी तुमच्याशी सहमत आहे. सरकारचा युक्तिवाद असा की जुन्या पद्धतीत १२०० ते २१०० च्या पट्ट्यात पगारवाढ झाली की सवलत घटायची आणि वाढीतला मोठा हिस्सा करात जायचा. तो दोष खराच होता. पण दोष काढायला निवडलेली वेळ आणि त्यासोबत वाढवलेला मूल्यवर्धित कर, हे दोन्ही एकत्र पाहिलं की तुमचा मुद्दा उरतोच.

सिन्नरकर

मी अर्थतज्ज्ञ नाही. माझ्या मुलीला टार्टू विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतोय, म्हणून हा धागा जीव लावून वाचतोय. शिक्षण झाल्यावर तिला तिथे नोकरी लागेल का, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. कर्ज काढून पाठवणार आहोत.

टॅलिनकर

@सिन्नरकर दादा, याचं उत्तर घाईत देत नाही, रात्री नीट लिहितो. तोवर हप्त्यांचा विषय संपवतो, कारण मंदी लांबण्यात त्याचा मोठा हात आहे.

इथे घरकर्ज जवळपास सगळं बदलत्या दराचं, सहा महिन्यांच्या युरिबोरला (युरोपातल्या बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देतात त्याला) बांधलेलं. त्यावर बँकेचं मार्जिन. दीड लाख युरोचं तीस वर्षांचं कर्ज धरा, मार्जिन २ टक्के. २०२२ च्या वसंतापर्यंत युरिबोर शून्याखाली होता, म्हणजे व्याज २ टक्के आणि हप्ता साधारण ५५४ युरो. २०२३ च्या शरदात युरिबोर ४ च्या वर गेला. व्याज ६ टक्के, हप्ता ८९९. महिन्याला ३४५ युरो जास्त, आणि तेही किराणा-वीज आधीच महागलेली असताना. आता युरिबोर २ च्या आसपास आहे, तोच हप्ता ७१६ वर आलाय. लोकांचा श्वास मोकळा झालाय तो मुख्यतः यामुळे.

फ्रान्स-जर्मनीत घरकर्जं बहुतांशी स्थिर दराची असतात. म्हणून तीच व्याजवाढ तिथे हळूहळू पोचली आणि इथे सहा महिन्यांत. एस्टोनियात महागाई २५ टक्के होती तेव्हा मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर शून्य होता, आणि तो ४ वर गेला तेव्हा इथे मंदी होती. वीसेक देशांसाठी एकच दर ठरवायचा तर एवढ्याशा देशाकडे पाहून कुणी ठरवणार नाही, हे मान्य. पण औषधाची वेळ दोन्हीदा चुकली.

सुओमीकर

हेलसिंकीहून लिहितेय. फिनलंडची बाजू सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

एस्टोनियाचा सर्वांत जवळचा बाजार आम्ही. टॅलिनहून बोट दोन तासांत इथे येते. सोमवारी सकाळी त्या बोटीतून एस्टोनियन गवंडी, सुतार, रंगारी, वीजतंत्री येतात आणि आठवडा संपताना घरी परततात. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. फिनलंडमधली घरबांधणी २०२३ पासून अक्षरशः थंडावली. नव्या इमारतींचे सांगाडे कमी, क्रेन कमी, आणि ओघाने ही माणसंही कमी. इथली बेरोजगारी १० टक्क्यांच्या घरात गेली आहे. या एस्टोनियन माणसांची कामं गेली की त्याचा फटका टॅलिनमधल्या घरखर्चाला बसतो, आणि तो एस्टोनियाच्या आकड्यांत पटकन दिसत नाही.

त्यामुळे माझ्या मते एस्टोनिया सावरतोय की नाही हे पाहायचं तर फिनलंड आणि स्वीडनमधले बांधकाम परवाने पाहावेत. स्वीडनमध्ये थोडी हालचाल आहे. इथे अजून लोक घर घ्यायला धजावत नाहीत.

खातेवही

@सुओमीकर, मोलाची माहिती. एक भर घालतो. लहान खुल्या अर्थव्यवस्थेत सरकारच्या हातात मुळात फार थोडं असतं. २०२३ मध्ये एस्टोनियाची मालनिर्यात दोन आकडी टक्क्यांनी घसरली. ते देशातल्या करांमुळे घडलं नाही. गिऱ्हाईकच उठून गेलं.

पण टॅलिनकर, तुमच्या मूळ लेखातलं "उत्पादक होण्यापेक्षा लवकर महाग झाला" हे वाक्य अजून उलगडून सांगा. मला तो या धाग्याचा गाभा वाटतो.

टॅलिनकर

सांगतो काका.

२०२३ मध्ये अर्थव्यवस्था ३ टक्क्यांनी आकसली आणि त्याच वर्षी सरासरी पगार ११ टक्क्यांनी वाढला. ऐकायला विचित्र वाटतं. पण कारण साधं आहे. कुशल माणूस इथे दुर्मीळ. २००९ मध्ये ज्यांनी माणसं काढली, त्यांतली बरीच फिनलंडला गेली ती परत आली नाहीत, हे मालकांच्या चांगलं लक्षात आहे. म्हणून या वेळी मागणी घटली तरी माणसं धरून ठेवली आणि महागाईची भरपाई म्हणून पगारही वाढवले. बेरोजगारी फारशी वाढली नाही ती त्यामुळे, आणि ही चांगलीच गोष्ट झाली.

पण मालाची बाजू बघा. तीच माणसं, कमी ऑर्डरी, जास्त पगार, महाग वीज. खिडक्यांच्या चौकटी किंवा यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा प्रत्येक नगामागचा खर्च भरमसाट वाढला. एस्टोनियाचं पंचवीस वर्षांचं गणित होतं, 'स्वीडनच्या दर्जाचं काम, अर्ध्या खर्चात'. ते अर्धं आता अर्धं राहिलेलं नाही. स्वीडनमधला खरेदीदार पोलंडकडे बघतो, लिथुएनियाकडे बघतो. लिथुएनियाचं नाव मुद्दाम घेतलं. तोच समुद्र, तोच शेजारी, तोच युरो, पण ते या काळात बऱ्यापैकी वाढत राहिले. त्यांची निर्यात जास्त देशांत आणि जास्त प्रकारांत विखुरलेली आहे. एस्टोनिया फिनलंड, स्वीडन अशा नॉर्डिक देशांवर फार विसंबून राहिला.

यातून सुटायचे दोन मार्ग. एक, पगार थांबवून ठेवायचे, २००९ सारखं. लोक तयार होणार नाहीत आणि व्हावं असं मलाही वाटत नाही. दोन, ज्याला जास्त भाव मिळतो असं काहीतरी बनवायचं. सॉफ्टवेअर आणि संगणकसेवांनी हे करून दाखवलंय. वाइज, बोल्ट, पाइपड्राइव्ह ही नावं इथूनच निघाली, आणि या मंदीतही सेवांची निर्यात मालाइतकी कोसळली नाही. पण सगळा देश प्रोग्रामर होऊ शकत नाही.

एक गोष्ट अजून शाबूत आहे. इथे कंपनीने नफा वाटला नाही, धंद्यातच ठेवला, तर त्यावर कर नाही. २००० पासूनचा हा नियम आहे. यंत्रं घ्यायला याच्याएवढं चांगलं कारण दुसरं नाही. पण गेली तीन वर्षं मालक यंत्रं घ्यायला कचरत होते. ते कधी हात सैल सोडतात यावर पुढची पाच वर्षं अवलंबून आहेत असं मी मानतो.

वर्धाकाठ

चंद्रपूरला औष्णिक केंद्रात नोकरी करतो. एस्टोनिया वीज दगडापासून बनवतो असं वाचलं होतं. तो उद्योग बंद करतायत म्हणे. तिथल्या कामगारांचं काय?

टॅलिनकर

तो तेलयुक्त शेल. ईशान्येला, रशियाच्या सीमेवर नार्वा शहराभोवती त्याच्या खाणी आहेत. तपकिरी, थरांचा दगड असतो. तो भरडून भट्टीत जाळतात आणि राख ढिगांनी उरते. त्या भागात सपाट जमिनीवर दिसणाऱ्या बहुतेक टेकड्या म्हणजे हीच राख आणि खाणीतला टाकाऊ दगड. कार्बन उत्सर्जनाचा दाखला (धूर सोडायला वीजकेंद्राला विकत घ्यावा लागणारा परवाना) २०२३ च्या सुरुवातीला टनामागे १०० युरोपर्यंत गेला, तेव्हापासून ही वीज बहुतेक वेळा बाजारात परवडतच नाही. २०३५ पर्यंत शेलपासून वीज बनवणं थांबवायचं धोरण आहे.

गुंतागुंत अशी की नार्व्यात ९० टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलणारे आहेत, सीमेवरचा पूल आता रात्री बंद असतो आणि पलीकडच्या बाजाराशी असलेला धंदा संपलाय. म्हणजे काम, बाजार आणि नातेवाईक, तिन्हींवर एकदम गदा. युरोपीय संघाच्या न्याय्य संक्रमण निधीतून (जुनी इंधनं सोडणाऱ्या भागांना दिली जाणारी मदत) या जिल्ह्याला साडेतीनशे दशलक्ष युरोंच्या आसपास मिळतायत. त्यातल्या मदतीने एका कॅनेडियन कंपनीने नार्व्यात दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांचा कारखाना उभारला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो सुरू झाला. विजेवरच्या गाड्यांच्या आणि पवनचक्क्यांच्या मोटारींत हे चुंबक लागतात आणि आज जगात ते बहुतांशी चीन पुरवतो. मघाशी म्हटलं ना, ज्याला जास्त भाव मिळतो असं काहीतरी. ते हे. मात्र एका कारखान्यात खाणीतली सगळी माणसं सामावणार नाहीत, आणि पन्नाशीच्या खाणकामगाराला तिथे घेतील का हा प्रश्न नार्व्यात लोक मोकळेपणाने विचारतात.

वर्धाकाठ

कळलं. आमच्याकडे जुने संच बंद झाले तेव्हा सगळ्यात आधी कंत्राटी माणसं गेली. कायमच्यांची बदली झाली, त्यांची नोंदही कुठे राहिली नाही. तिथे निधी देताना निदान माणसांची मोजदाद होतेय, हे चांगलं.

खातेवही

संरक्षण खर्चावर कुणी बोललं नाही अजून. जीडीपीच्या ५ टक्क्यांहून जास्त म्हणजे प्रचंड झाला. त्याने अर्थव्यवस्थेला चालना मिळत नाही का?

टॅलिनकर

२०२६ पासून चार वर्षं सरासरी ५.४ टक्के ठरलाय. पण यातला बराच पैसा बाहेर जातो. हिमार्स रॉकेटयंत्रणा अमेरिकेची, सीझर तोफा फ्रान्सच्या, के-९ तोफा कोरियाच्या. तोफ बाहेरून आली की जीडीपीत खर्चाची भर आणि आयातीची वजाबाकी, उरतं शून्य. देशात उरतो तो बराकी, रस्ते, सीमेवरची तटबंदी, पगार आणि स्थानिक कंपन्यांचं काम. पर्नू जिल्ह्यात दारूगोळ्यासाठी औद्योगिक वसाहत उभी राहतेय आणि चालकाविना चालणारी वाहनं बनवणाऱ्या मिल्रेमसारख्या कंपन्या आहेत. त्यांना वाव आहे.

पण खरं सांगू? इथे हा खर्च कुणी चालना म्हणून मोजत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेला संबंध तोडला आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याला जोडून घेतलं. त्याआधी नाताळच्या दिवशी फिनलंडकडून येणारी समुद्राखालची वीजवाहिनी तुटली होती, ती दुरुस्त व्हायला उन्हाळा उजाडला. ज्या देशात हे घडतं तिथला गुंतवणूकदार आधी विचारतो, पाच वर्षांनी इथे शांतता असेल ना? संरक्षणावरचा खर्च त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते पटलं नाही तर कारखाना येणारच नाही, मग कर कितीही कमी ठेवा.

सुओमीकर

याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडेही पूर्व सीमेजवळ घरं विकली जात नाहीत.

लोकसंख्येबद्दलही कुणीतरी लिहा. २०२४ मध्ये एस्टोनियात १०,००० पेक्षा कमी मुलं जन्माला आली. काम करणारे हात कमी होत जाणार असतील तर वाढ कुठून आणणार?

टॅलिनकर

बाहेरून माणसं आणायची नाहीत, हे इथलं जुनं राजकीय मत आहे, आणि सोव्हिएत काळात इथे बाहेरून मोठ्या संख्येने माणसं आणून वसवली गेली ते पाहता त्यामागची भीती समजते. युरोपीय संघाबाहेरच्यांना दरवर्षी लोकसंख्येच्या ०.१ टक्के एवढाच कोटा, म्हणजे तेराशेच्या आसपास. संगणकक्षेत्र, स्टार्टअप आणि शिकून इथेच राहणारे विद्यार्थी या कोट्याबाहेर आहेत. युक्रेनहून आलेल्या निर्वासितांनी बऱ्याच जागा भरल्या. दुकानांत, कारखान्यांत, वृद्धसेवेत त्या बायका दिसतात. त्या परत गेल्या तर पोकळी पडेल.

@सिन्नरकर दादा, आता तुमचं उत्तर, कारण ते इथेच येऊन मिळतं.

विद्यापीठ चांगलं आहे, टार्टू हे शहर म्हणूनही तिला आवडेल, भाडं टॅलिनपेक्षा कमी. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला नऊ महिने राहता येतं. पण आज नव्याने पदवी घेतलेल्यांना इथे नोकरी सहज लागत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. कंपन्यांनी नवशिक्यांच्या जागा कमी केल्यात, अनुभवी माणूस हवाय. अभ्यासक्रम विदाविज्ञान (डेटा सायन्स), सायबरसुरक्षा, जैवतंत्रज्ञान यांतला असेल तर बरी संधी आहे. व्यवस्थापन किंवा आंतरराष्ट्रीय संबंध यांसारखा असेल तर एस्टोनियन भाषेशिवाय कठीण. आणि सगळं कर्ज इथल्याच पगारातून फेडायचं या हिशेबावर पाठवू नका. २०२८ पर्यंत परिस्थिती सुधारलेली असेल असं मला मनापासून वाटतं, पण बँकेचा हप्ता त्याची वाट पाहत नाही.

सिन्नरकर

तिचा विषय जैवतंत्रज्ञानच आहे. कर्जाची रक्कम कमी करून एक शेत गहाण ठेवायचं टाळता येईल का, ते आम्ही घरी बसून बघतो. तिने काय तयारी करावी?

टॅलिनकर

शेत गहाण नका ठेवू दादा. विद्यापीठाच्या शुल्कमाफीच्या जागा असतात, तिला आजच विभागाला ईमेल करायला सांगा. पहिल्या सत्रापासून एस्टोनियन शिकू दे, वर्ग विद्यापीठातच असतात. आणि दुसऱ्या सत्रात एखाद्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम मिळतंय का ते बघू दे. इथे पहिली नोकरी बहुतेकांना त्याच ओळखीतून लागते. ती आली की मला व्यनि करा, राहायची सोय होईपर्यंत टार्टूतल्या मराठी मंडळींशी गाठ घालून देतो.

सुओमीकर

आणि हेलसिंकीला येणार असेल तर मला कळवा. जाड कोट इथे सेलमध्ये स्वस्त मिळतो, भारतातून आणू नका.